बंद बेडरूममधली आग: दार का ढकलेना, आणि काच फुटल्यावर भडका का उडाला?

तुमचा प्रश्न लांबलचक होता ते बरंच झालं. काय वाटलं एवढंच न लिहिता काय काय दिसलं तेही तुम्ही लिहिलंत. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. सांगलीत विश्रामबागेत, दुसऱ्या मजल्यावरच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये बेडरूमला आग लागली. माणसं गावाला गेलेली, किल्ली तुमच्याकडे. तुम्ही आणि तुमचे भाऊ हॉलमधून बेडरूमच्या दारापर्यंत पोचलात. हँडल फिरलं, पण दार आत ढकलेना, आतून कुणी रेटून धरल्यासारखं. दाराखालून धूर बाहेर यायचा, थांबायचा, परत आत ओढला जायचा. दोनेक मिनिटांनी तेच दार नुसत्या हातानं सरकलं, आणि तुम्ही घाबरून ते परत ओढून लावलंत. तेवढ्यात शेजारच्या बाल्कनीतून एकानं "प्रेशर मोकळं करा, नाहीतर भिंत उडेल" म्हणत गजानं खिडकीची काच फोडली. काही सेकंद काहीच झालं नाही. मग भसकन जाळ खिडकीतून बाहेर आला.

आता तुम्हाला हवंय ते असं: आत खरंच किती प्रेशर होतं? काच फोडली ते बरोबर की चूक? दार उघडं ठेवायचं की बंद? आणि हरिपूरचे मामा म्हणतात की विषारी वायू जड असतो, खाली बसतो, म्हणून अशा वेळी उभ्यानं चालावं, हे खरं का?

मी बरीच वर्षं अग्निशमन सेवेत काढली, आता सांगली-सातारा भागात इमारतींचं फायर ऑडिट करतो. माझ्या मते हे चार प्रश्न एकाच प्रश्नाचे तुकडे आहेत: त्या खोलीला हवा कुठून मिळतेय आणि ती वाट कुणाच्या हातात आहे? प्रेशरचं उत्तरही त्यातूनच निघतं. एक आधीच सांगून टाकतो. मी जागेवर नव्हतो. खोलीचं माप, खिडकीच्या फटी, गादी कापसाची की फोमची, त्या दिवशी वारा कुठला, यावर बरंच अवलंबून असतं. खालचे आकडे ढोबळ आहेत. कुठली गोष्ट मोठी आणि कुठली किरकोळ, एवढं त्यातून नक्की कळतं.

प्रेशर म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. पहिली गोष्ट हवेच्या फुगण्याची. ३० अंशांची हवा ६०० अंशांवर गेली की जवळजवळ तिप्पट जागा मागते. खोली तेवढीच, म्हणजे जास्तीच्या हवेला बाहेर जावंच लागतं. घरातली खोली कधीच डब्यासारखी बंद नसते. दाराखाली बोटभर फट असते, स्लायडिंग खिडकीच्या ट्रॅकमधून वारा येतो, एसीच्या पाइपाभोवतीचं भोक कुणी नीट बुजवलेलं नसतं. या सगळ्या फटींची बेरीज समजा २०० चौरस सेंटिमीटर झाली. आग वाढतेय आणि भिंतींनी शोषून घेतलेली उष्णता वजा जाता १०० किलोवॅट उष्णता हवेत मिसळतेय असं धरलं, तर दर सेकंदाला सुमारे ३०० लिटर हवेला बाहेर पडावं लागतं. एवढ्याशा फटीतून ती ढकलायला साधारण ३०० ते ३५० पास्कल दाब लागतो.

पास्कल म्हणजे किती? १० पास्कल म्हणजे जमिनीवर पसरलेल्या १ मिलिमीटर पाण्याच्या थराचं वजन. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथला हवेचा रोजचा दाब ९५,००० पास्कलच्या आसपास. त्यापुढे ३५० किरकोळच. पण दाराच्या बाबतीत तो किरकोळ राहत नाही, कारण दार मोठं असतं. ९० सेंटिमीटर रुंद आणि २१० उंच दारावर ३४० पास्कल म्हणजे एकूण ६५ किलोंचा रेटा. बिजागरी एका कडेला असल्यामुळे हँडलपाशी त्याच्या निम्मा, म्हणजे ३०-३५ किलो जाणवतो. तुमच्या हाताला लागलं ते हेच. दार आत उघडणारं, आणि आतली फुगणारी हवा ते चौकटीवर दाबून धरत होती.

हा दाब फटींच्या क्षेत्रफळावर फार हळवा असतो. फटी निम्म्या केल्या की तो चौपट होतो. म्हणजे त्याच खोलीत नव्या पद्धतीची रबर-गास्केटची खिडकी असती तर हिशेब हजारापलीकडे गेला असता, हँडलपाशी शंभराहून जास्त किलो, आणि आत माणूस असता तर त्याला दार ओढून उघडता आलं नसतं. उलट खिडकीचं स्लायडिंग १० सेंटिमीटर जरी सरकवलेलं असतं तरी दाब १५ पास्कलच्या खाली आला असता. फिनलंडमध्ये रिकाम्या फ्लॅटमध्ये मुद्दाम आगी लावून मोजमापं घेतली आहेत. थंडीमुळे तिथली घरं घट्ट बंद, म्हणून तिथे हजारांतले आकडे आले. आपल्याकडची कौलारू घरं या बाबतीत अगदी दुसऱ्या टोकाची. मिरजेतल्या किंवा वाईतल्या जुन्या वाड्यात कौलांच्या प्रत्येक फटीतून धूर निघतो. ती घरं जळतात झपाट्यानं, लाकूड भरपूर असतं, पण त्यांचं दार आतल्या दाबानं अडलेलं मी पाहिलेलं नाही. स्लॅबची बेडरूम, वर एसी आणि खिडकी कायम बंद, हे गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलं प्रकरण.

भिंत उडेल का? आगीच्या फुगण्यानं नाही. भिंतीला हलवायला काही हजार पास्कल तरी लागतात आणि तिथवर जाण्याआधी फटी आपलं काम करतात. काचसुद्धा बहुतेक वेळा दाबानं फुटत नाही. काचेचा मधला भाग तापतो, चौकटीत दडलेली कड थंड राहते, दोन्हींत ८० अंशांच्या आसपास फरक पडला की कडेपासून तडा जातो. भिंत उडते ती सिलिंडर गळून खोलीभर एलपीजी हवेत मिसळलेला असतो आणि मग कुणी बटण दाबतं तेव्हा. तिथे इंधन आणि हवा आधीच एकजीव झालेली असतात आणि सगळं एका क्षणात जळतं. त्या दाबापुढे आपल्या ३५० पास्कलांना काही किंमत नाही. तो वेगळा प्रकार, त्याचे नियम वेगळे. बाल्कनीतल्या गृहस्थांच्या डोक्यात बहुधा तेच चित्र होतं.

आता दुसरा दाब. हा फुगण्याचा नाही, हलकेपणाचा. गरम हवा हलकी, म्हणून छताखाली साठते. दार किंवा खिडकी उघडी असेल तर उघड्या जागेच्या वरच्या भागातून धूर बाहेर पडतो आणि खालच्या भागातून थंड हवा आत शिरते. मध्ये एक पातळी अशी असते जिथे ना आत ना बाहेर. आम्ही तिला न्यूट्रल प्लेन म्हणतो. आग मोठी होत गेली की ती खाली सरकते, आणि दारात उभं राहून नुसत्या नजरेनं ती दिसते. सहाशे अंशांच्या धुरात या पातळीपासून दर मीटर उंचीला साधारण ७ पास्कल दाब वाढतो. ही पातळी जमिनीपासून एक मीटरवर आणि छत तीन मीटरवर असेल, तर छतालगत १४ पास्कल. दीड मिलिमीटर पाणी! पण तेवढ्या जोरावर दाराच्या वरच्या कडेतून धूर ताशी वीस किलोमीटरहून जास्त वेगानं निघतो, कारण तो हलका असतो.

कराडकडच्या कुठल्याही गुऱ्हाळावर हे चालू यंत्रासारखं बघायला मिळतं. चुलवाणाला पंखा नसतो. धुराड्यातला गरम धूर हलका म्हणून वर जातो आणि खालच्या तोंडातून हवा आपोआप आत ओढली जाते. चिपाडं सारणाऱ्याला नेमकं माहीत असतं की तोंड किती झाकलं की जाळ मंदावतो. जळणारी खोली तेच करते, फक्त तिथे धुराडं आणि चुलीचं तोंड एकाच दारात वर-खाली असतात. आणि दुसरीकडे खिडकी फुटली की ते दोन वेगळे होतात. खिडकी हवा घ्यायला, दार धूर सोडायला, किंवा वारा असेल तसं उलटं.

दोन्ही दाब शेजारी ठेवून पाहिले की असं दिसतं. फुगण्याचा दाब मोठा, पण खोली बंद असेल आणि आग वाढत असेल तेवढाच वेळ. हलकेपणाचा दाब अगदी किरकोळ, पण आग आहे तोवर टिकणारा, आणि आगीला जेवू घालणारा तोच.

तुमच्या प्रसंगाकडे परत येतो, कारण तुम्ही सांगितलेला क्रम मला फार बोलका वाटला. आधी दार ढकलेना, मग सहज सरकलं, मधल्या काळात धूर आत-बाहेर. ३ बाय ४ मीटरच्या, ३ मीटर उंच खोलीत ३६ घनमीटर हवा असते, वजनानं ४० किलोंच्या आत. ढोबळ नियम असा की १ किलो हवा पूर्ण वापरली तर ३ मेगाज्यूल उष्णता निघते, मग लाकूड जळो, कापड जळो नाहीतर प्लॅस्टिक. पण हवेतला प्राणवायू २१ टक्क्यांवरून १४-१५ टक्क्यांवर आला की ज्वाळा मलूल व्हायला लागते. म्हणजे बंद खोलीतल्या हवेचा एक-तृतीयांश भागच खरा कामी येतो, आणि त्यात जेमतेम दीड किलो फोम जळतो. डबल बेडची फोमची गादी वजनाला त्याच्या कितीतरी पट असते. थोडक्यात, बंद खोलीत इंधन उरतं आणि हवा संपते.

हवा संपली की ज्वाळा खाली बसतात. उष्णता निर्माण होणं कमी होतं, भिंती आणि स्लॅब उष्णता पीत राहतात, वायू थंड होतो, आकसतो. तीनशेवरून दोनशे अंशांवर आला तरी सहावा हिस्सा कमी होतो. आता आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी. दार आत ओढलं जातं, फटीतून हवा आत जाते. तेवढ्या घोटभर हवेवर जाळ पुन्हा उठतो, पुन्हा फुगणं, पुन्हा धूर बाहेर. तुम्हाला दाराखाली दिसलेला आत-बाहेर खेळ म्हणजे हे चक्र. आमच्या कामात ही सगळ्यात वाईट खूण मानतात, भर ज्वाळांपेक्षाही वाईट. कारण आत गादी अजून तापलेली असते, तिच्यातून वाफाळणारा धूर म्हणजे न जळलेलं इंधनच असतं, आणि त्याला हवी असते फक्त हवा. दार सहज सरकलं तेव्हा आग विझत आलीय असं तुम्हाला वाटलं असेल. वाटणारच. ती उपाशी होती.

काच फुटली तेव्हा थंड हवा खिडकीतून आत शिरली, जड म्हणून खाली उतरली आणि जमिनीलगत खोलीभर पसरत गेली. तिच्या आणि धुराच्या सीमेवर दोन्ही मिसळत होते. हे मिश्रण धुमसत्या गादीपर्यंत पोचायला लागले तेच ते "काही सेकंद काहीच झालं नाही". मग पेटलं. हा पक्का बॅकड्राफ्ट, म्हणजे कोंडलेला न जळलेला धूर हवा मिळताच एका हबक्यात पेटणं, होता की हवा मिळाल्यामुळे आग झपाट्यानं वाढून खोली पेटली, हे तुमच्या वर्णनावरून ठामपणे सांगता येत नाही. धुराची लाट एकाच हबक्यात बाहेर आली असेल तर पहिलं, जाळ टप्प्याटप्प्यानं वाढत गेला असेल तर दुसरं. तुमच्या दृष्टीनं परिणाम एकच.

किती हवा? यावर जपानमध्ये कावागोए यांनी १९५० च्या दशकात प्रयोग करून एक सोपं सूत्र दिलं, ते आजही वापरतात. उघड्या जागेचं क्षेत्रफळ गुणिले तिच्या उंचीचं वर्गमूळ, त्याच्या निम्मे म्हणजे दर सेकंदाला आत येणारी हवा किलोमध्ये. १.२ मीटर बाय १.२ मीटरची खिडकी पूर्ण फुटली तर सेकंदाला ०.८ किलो हवा, म्हणजे जवळपास २,४०० किलोवॅटची आग पोसता येते. पूर्ण उघडं दार ४,००० किलोवॅटच्या आसपास. आणि तेच दार वितभर नाही, १० सेंटिमीटरच उघडं असेल तर ४५० च्या जवळ.

हे आकडे कशाशी ताडायचे? एवढ्या खोलीत फ्लॅशओव्हर, म्हणजे छताखालच्या धुराच्या उष्णतेनं खोलीतली प्रत्येक वस्तू एकदम पेटणं, घडायला खिडकी फुटलेली असताना साधारण १,१०० किलोवॅट लागतात. फुटलेली खिडकी त्याच्या दुप्पट देऊ शकते. १० सेंटिमीटर उघड्या दाराचा हिशेब केला तर लागतात सहाशेच्या वर आणि मिळतात साडेचारशे, म्हणजे पुरत नाहीत. पूर्ण लावलेलं दार तर जवळपास काहीच देत नाही. साधं फ्लश डोअर काही फायर डोअर नाही, ते काही मिनिटांनी जळून जाईल हे खरं, पण त्या मिनिटांतच माणसं जिना उतरतात. ऑडिटला गेलो की लोक मला एक्स्टिंग्विशर दाखवायला धावतात. मी आधी बेडरूमची दारं लागतात का ते बघतो. निम्म्या घरांत पावसाळ्यात फुगलेलं दार सुतारानं तासलेलं तरी असतं किंवा कपडे अडकवायच्या हुकांमुळे लागत तरी नाही.

तर काच फोडणं चूक होतं का? आत कुणी नव्हतं आणि पाणी तयार नव्हतं, त्या परिस्थितीत चूक होतं. गृहस्थांचा हेतू चांगला होता, त्यांना दोष द्यायचा नाही. तुम्ही दार ओढून लावलंत ते मात्र नेमकं बरोबर झालं. भडका उडाला तेव्हा आतल्या दाबानं तेच दार चौकटीवर घट्ट बसवलं आणि सगळा जाळ खिडकीकडे गेला. दार उघडं राहिलं असतं तर खिडकीतून हवा आत आणि दारातून जाळ हॉलमध्ये, तुमच्या अंगावर. आगीत माणूस या वाटेत सापडणं यासारखं वाईट काही नाही.

परिस्थिती बदलली की उत्तर बदलतं, तेही सांगायला हवं. आत माणूस अडकलाय, तो खिडकीशी आहे आणि आग बाहेरच्या हॉलमध्ये आहे, अशा वेळी त्या खोलीची खिडकी उघडणं किंवा फोडणं बरोबरच. अट एकच: खोलीचं दार आतून लावलेलं हवं. आमची माणसं खिडकीतून आत गेली तरी पहिलं काम दार लावणं, मग शोध. दुसरं, होज, म्हणजे बंबाचा पाण्याचा पाइप, भरून हातात असेल तर आम्ही मुद्दाम उघडी जागा करतो, पण ती कुठे करायची हे वाऱ्यावर ठरवतो. वाऱ्याचं गणित लोकांना पटत नाही म्हणून मुद्दाम देतो. ताशी १८ किलोमीटरची झुळूक भिंतीवर सुमारे १४ पास्कल दाब टाकते, म्हणजे आगीच्या छतालगतच्या दाबाइतकाच. ताशी ३६ चा वारा ५० हून जास्त. जून ते ऑगस्टमध्ये पश्चिमेचा वारा सुटलेला असतो तेव्हा पश्चिमेची खिडकी फोडणं म्हणजे आगीला मागून ढकलणं. धूर त्या खिडकीतून बाहेर येण्याऐवजी घरात आणि जिन्यात घुसतो. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या ज्या वाऱ्यावर फिरतात, तो साताऱ्यातल्या चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीतही येतोच. उंच इमारतींच्या जिन्यात पंख्यानं जादा दाब ठेवतात. राष्ट्रीय इमारत संहितेत, २०१६ च्या आवृत्तीत, तो ५० पास्कल सांगितला आहे. वरच्या आकड्यांशी ताडून बघा, तो कुठून आला असेल ते लक्षात येईल. आपल्याकडच्या तीन-चार मजली सोसायट्यांत असा पंखा नसतो, तिथे फ्लॅटचं मुख्य दार हाच काय तो बंदोबस्त.

जिन्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बरीच माणसं तिथेही गुदमरतात. जिन्यात गरम धूर शिरला की सगळा जिना धुराडं बनतो आणि वरच्या मजल्यांवर आधी धूर भरतो. गच्चीचं दार उघडलं तर धूर वर निघून जातो, हे बरोबर. पण क्रम सांभाळायला हवा. आधी जळणाऱ्या फ्लॅटचं दार लावायचं, मग गच्चीचं उघडायचं. फ्लॅटचं दार उघडं असताना गच्ची उघडली तर ओढ वाढते आणि जाळासकट धूर जिन्यात येतो. आता प्रत्यक्ष काय असतं? गच्चीला कुलूप, किल्ली चेअरमनकडे आणि चेअरमन पुण्याला मुलाकडे.

मामांचं म्हणणं. हरिपूरच्या माणसानं असं म्हणणं अगदी साहजिक आहे. हळदीच्या पेवात, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यात, किंवा जुन्या विहिरीत माणसं गुदमरतात ती तळाशी साठलेल्या थंड कार्बन डायऑक्साइडमुळे, तिथे खरंच खाली जाणं म्हणजे मरण, आणि दिवा सोडून बघायची तिथली जुनी रीत शहाणपणाची आहे. आगीत मात्र वायू तापलेला असतो. कार्बन मोनॉक्साइड असो की फोममधून निघणारा हायड्रोजन सायनाइड, सगळं गरम धुराबरोबर आधी वर जातं. न्यूट्रल प्लेनच्या खाली बाहेरची थंड हवा असते, म्हणून वाकून किंवा रांगत जायचं. गुडघ्याच्या उंचीवर दिसतही चांगलं. याला अपवाद तुमच्यासारख्या बंद खोलीचा. आग मंदावून वायू निवला की धूर खालपर्यंत उतरतो आणि जमिनीलगतही चांगली हवा उरत नाही. कापसाची जुनी गादी रात्रभर धुमसते तेव्हा हेच होतं. ज्वाळा नाही, उष्णता फारशी नाही, खोली कार्बन मोनॉक्साइडनं भरलेली. अशा खोलीत रांगतसुद्धा शिरू नये. एलपीजीचाही हिशेब वेगळा, तो हवेपेक्षा जड, जमिनीवरच पसरतो. गळतीचा वास आला तर वाकून रेग्युलेटर शोधताना दिवा, पंखा, एक्झॉस्ट कशाच्याही बटणाला हात लावू नका.

पाण्याबद्दल एक खुलासा, कारण कुणीतरी "पाणी मारलं की वाफेनं प्रेशर वाढतं" असं म्हणाल्याचं तुम्ही लिहिलंय. अर्धं खरं आहे. १ लिटर पाण्याची १०० अंशांवर साधारण १,७०० लिटर वाफ होते. पाणी तापलेल्या भिंतींवर पडून वाफ झाली तर खोलीतला वायू फुगतो आणि वाफ मारणाऱ्याच्याच अंगावर येते. पण बारीक थेंब धुराच्या थरातच वाफ झाले तर ते त्या थराची उष्णता घेतात, वायू इतका आकसतो की वाफ धरूनही एकूण जागा कमी लागते. म्हणून नोझल धुराच्या थरात थोडा थोडा वेळ उघडायचं असतं, सतत नाही. तुमच्याकडे बादली असेल आणि आग अजून टेबलाएवढी असेल, तर मेन स्विच बंद करून पाणी मारा, जरूर मारा. धूर खांद्याच्या खाली उतरला असेल तर बादली तिथेच ठेवून बाहेर या आणि दार लावा.

पुढच्या वेळी, म्हणजे तशी वेळ न येवो, दाराशी पोचल्यावर हाताची पालथी बाजू दाराच्या वरच्या भागावर आणि हँडलवर लावून बघा. गरम असेल किंवा दाराखालून धूर आत ओढला जाताना दिसला तर उघडायचंच नाही. दाराखाली ओलं कापड सरकवायला हरकत नाही, पण त्यासाठी वेळ घालवू नका. मुख्य दार ओढून घ्या, कुलूप घालू नका, बंबवाल्यांना ते लागेल. खालच्या माणसांना खिडकीपासून लांब ठेवा, काच खाली येते.

आणि १०१ ला फोन करताना पत्ता सांगून झाला की एवढं जरूर सांगा: कुठली खोली, दार लावलेलं आहे की उघडं, ते आत उघडतं की बाहेर, खिडकी फुटली आहे का आणि ती कुठल्या दिशेला आहे, धूर फटीतून आत-बाहेर होतोय का. नुसतं "आग लागलीय, लवकर या" एवढंच ऐकलं तरी आम्ही तितक्याच वेगानं निघतो. पण बंद खोली आणि आत-बाहेर होणारा धूर हे वर्दीतच कळलं, तर पथकाचा प्रमुख वाटेतच ठरवतो की होज भरल्याशिवाय त्या दाराला कुणी हात लावणार नाही, आणि खिडकीच्या बाजूला शिडी लावायची की नाही.